मंद खाऱ्या वाऱ्यात काइटसर्फिंग: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर बोर्डावरून पाण्यावर सरकण्याचा खेळ. तो शिकायला उतरणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली गाठ पडते ती दुपारच्या खाऱ्या वाऱ्याशी. दणदणीत वाऱ्याचे दिवस मोजके असतात. समुद्रावरून जमिनीकडे येणारा १० ते १४ नॉटचा वारा मात्र उन्हाच्या दिवसांत अनेक किनाऱ्यांवर बऱ्यापैकी नेमाने येतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे हा वारा ताशी साधारण १९ ते २६ किलोमीटरचा. शिकायला तो चांगला, कारण चूक झाली तर सावरायला वेळ देतो. पण त्याला सोपा समजू नका. जोराच्या वाऱ्यात काइट आपणहून वर राहतो, मंद वाऱ्यात त्याला वर ठेवावं लागतं. इथे ताकद काइटच्या आकारातून जेवढी मिळते, त्याहून जास्त त्याच्या हालचालीतून मिळते. खाली जे सांगितलं आहे, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख प्रशिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. २०-२५ मीटर दोऱ्यांच्या टोकाला बांधलेलं १२-१४ चौरस मीटरचं कापड माणसाला सहज उचलून फेकू शकतं. आयकेओ (आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना) यासारख्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकाकडून सुरुवातीचे धडे घ्या. हा लेख त्या धड्यांच्या आधी वाचा आणि मधल्या काळात पुन्हा वाचा.

आधी वारा वाचायला शिका

सूर्य वर आला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा गरम होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हाच खारा वारा. रात्री उलट होतं आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. शाळेच्या भूगोलात शिकलेलं हे चक्र आता वेळापत्रक म्हणून वापरायचं आहे.

सकाळी मतलई वारा थकत जातो आणि मधे काही वेळ हवा जवळजवळ थांबते. पाणी काचेसारखं होतं. नवख्याला वाटतं, आज काही खरं नाही, आणि तो घरी जातो. खरं तर बऱ्याचदा वारा याच शांततेनंतर फिरतो. आधी दूर पाण्यावर गडद रेघ दिसते, मग ती किनाऱ्याकडे सरकते, आणि गालाला समुद्राकडून गारवा लागतो. साधारण उशिरा सकाळी सुरू झालेला वारा दुपारी दोन ते चारच्या सुमारास भरात येतो आणि सूर्य कलला की उतरायला लागतो. किनारा, ऋतू आणि ढग यांप्रमाणे हे तास मागेपुढे होतात, पण चढ आणि उताराचा आकार तोच राहतो.

वारा येणार की नाही, याच्या खुणा आकाशात मिळतात. समुद्रावर आकाश मोकळं असेल आणि जमिनीच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोडं आत, कापसासारख्या ढगांची ओळ उभी राहत असेल तर समजा यंत्रणा चालू झाली. दिवसभर आभाळ दाटलेलं असेल तर जमीन तापत नाही आणि वारा मरगळलेला राहतो. जमिनीकडून मोठ्या हवामान प्रणालीचा जोरदार वारा वाहत असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला आत येऊच देत नाही. पण जमिनीवरचे ते कापसासारखे ढग मनोऱ्यासारखे उंच वाढून खालून काळे पडू लागले तर ती खूण वेगळीच आहे. गडगडाट ऐकू यायची वाट न पाहता काइट उतरवा. अशा ढगाखालून सुटलेला झोत काही क्षणांत वाऱ्याचा वेग दुप्पट करू शकतो.

विंडी किंवा विंडगुरू यांसारख्या ॲपवर अंदाज जरूर बघा, पण लक्षात ठेवा की जगभराचं गणित मांडणारी मॉडेलं किनाऱ्यालगतच्या या छोट्या चक्राला अनेकदा कमी लेखतात. ॲपमध्ये ८ नॉट दिसतात आणि किनाऱ्यावर १३ मिळतात, असं घडतं. म्हणून अंदाजात सरासरी वाऱ्यासोबत झोतांचा आकडा, ढग आणि जमिनीचं तापमान बघा. मग किनाऱ्यावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा. पाण्यावर इकडेतिकडे पांढऱ्या फेसाचे तुरे दिसू लागले की वारा १० ते १२ नॉटच्या आसपास आला असं धरायला हरकत नाही. एक तुराही नसेल तर नवख्याने काइट फुगवायची घाई करू नये.

दिशा

उत्तर गोलार्धात खारा वारा दिवस चढेल तसा हळूहळू उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे. पृथ्वी फिरते त्याचा हा परिणाम. सकाळी सरळ किनाऱ्यावर आदळणारा वारा दुपारपर्यंत तिरका होतो आणि शिकणाऱ्याला हवा असतो तो हाच. सरळ आत येणारा वारा तुम्हाला सतत वाळूकडे ढकलतो आणि मागे भिंत, झाडं किंवा विजेच्या तारा असतील तर तो धोकादायक ठरतो. तिरका वारा किनाऱ्याने वाहत नेतो, तरी शेवटी जमिनीवरच आणून सोडतो.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात सोबत बचाव-बोट नसेल तर उतरायचंच नाही. यात तडजोड नको. सकाळचा मतलई वारा किनाऱ्याजवळ अगदी गुळगुळीत आणि मोहात पाडणारा वाटतो, आणि बोर्ड सुटला की तोच तुम्हाला खोल समुद्रात ओढत नेतो.

भरती-ओहोटीचं वेळापत्रकही सोबत ठेवा. जिथे दिवसात दोनदा भरती येते तिथे भरती किंवा ओहोटीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा ओढा आणखी वाढतो, भांगाच्या दिवसांत कमी होतो. मंद वाऱ्यात याचा फरक फार जाणवतो. प्रवाह वाऱ्याच्या उलट वाहत असेल तर काइटला जास्त वारा मिळतो आणि तुम्ही जागा टिकवून धरता. प्रवाह आणि वारा एकाच दिशेने निघाले तर काइटच्या वाट्याचे दोन-तीन नॉट तिथेच गळतात, आणि मंद वाऱ्यात तेवढ्यानेच दिवस हुकतो.

साहित्य: आधी बोर्ड मोठा करा

सगळे आधी काइटच्या आकाराचं विचारतात. ठोकताळा असा: स्वतःच्या वजनाला (किलोमध्ये) वाऱ्याच्या नॉटनी भागा आणि २.२ ने गुणा. ७० किलोच्या माणसाला १२ नॉटमध्ये साधारण १३ चौरस मीटर. हा अंदाज आहे. शिकताना प्रशिक्षक याहून लहान काइट देत असेल तर त्याचं ऐका.

माझं ठाम मत आहे की मंद वाऱ्यासाठी पहिला खर्च बोर्डावर करावा. १४५ ते १६० सेंटिमीटर लांबीचा, रुंद आणि तळाला जवळजवळ सपाट असा ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेला) बोर्ड पाण्यावर लवकर तरंगतो. त्याला उचलायला कमी ताकद लागते. काइट मात्र वाढवत नेला की जड होतो आणि वळायला आळशी होतो. १७ चौरस मीटरचा काइट हवेत नुसता लोंबकळत राहतो, कारण नवख्या हाताला तो झपकन खाली-वर करता येत नाही. हालचाल गेली म्हणजे ताकदही गेली. म्हणून मंद वाऱ्यासाठी बनवलेले, मधे एकच आडवी नळी असलेले किंवा एकही नसलेले हलके काइट उपयोगाचे ठरतात. ते थोडक्या वाऱ्यातही हवेत तरंगतात.

मोठ्या काइटचा दुसरा धोका हिशेबात दिसतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटला नेमका बसणारा काइट घेऊन तुम्ही पाण्यात असताना वारा १८ नॉटवर गेला, तर ओढ दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. वारा चढत्या अंगाला असताना सगळ्यात मोठा काइट घेऊन उतरू नका.

बाकी हेल्मेट, आपटण्यापासून वाचवणारं आणि तरंगायला मदत करणारं जॅकेट, हार्नेसला (काइटची ओढ घेणाऱ्या कमरपट्ट्याला) अडकवलेली दोरी कापायची सुरी आणि पाण्याच्या तापमानाला साजेसा वेटसूट लागतो. पाणी कोमट वाटलं तरी तासाभरात अंग गार पडतं.

वाळूवर

काइट फुगवताना पुढची मोठी नळी कडक भरा. दाब किती हवा ते काइटवरच छापलेलं असतं. आज वारा कमी आहे म्हणून हवा कमी भरली तरी चालेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मऊ नळी वळताना दुमडते आणि पाण्यात पडलेला काइट पुन्हा उठत नाही. फुगवल्यावर काइट पालथा, नळी वाऱ्याकडे करून ठेवा आणि कापडावर भरपूर वाळू टाका. वाळू न टाकता काइट सोडून कुठेही जाऊ नका.

दोऱ्या उलगडून एकेक हातातून सरकवत शेवटापर्यंत तपासा. गाठ आहे का, पुढच्या-मागच्या अदलाबदल झाल्या आहेत का. मग क्विक रिलीज (काइटची ओढ एका झटक्यात तोडणारी कळ) एकदा प्रत्यक्ष ओढून उघडा आणि पुन्हा बसवा. हे रोज करा. वाळूचा एक कण अडकला तरी ती यंत्रणा जड होते, आणि ते पाण्यात कळून उपयोग नाही.

आता विंड विंडो, म्हणजे काइट जिथे उडू शकतो तो तुमच्यासमोरचा हवेतला भाग, समजून घ्या. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डोक्यावर १२ वाजले, डाव्या हाताला ९, उजव्या हाताला ३. या कडेकडेने काइट शांत असतो. समोर, मधोमध, तो सगळ्यात जोरात ओढतो. उडवताना मदतनिसाने काइट कडेला धरायचा, मधे कधीच नाही. वारा मंद आहे म्हणून मधून उडवण्याची सवय लागली तर ती जोराच्या वाऱ्याच्या पहिल्याच दिवशी अंगाशी येते. तुमच्यापासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा वाहत जातो त्या बाजूला) किमान ५० मीटर मोकळं हवं. माणसं, खडक, होड्या काहीही नको. तयार असाल तेव्हा अंगठा वर करून खूण करा. काइट उतरवायचा असेल तर डोक्यावर थोपटल्याची खूण बहुतेक सगळीकडे समजली जाते.

हवेत काइट पडू नये म्हणून

मंद वाऱ्यात काइट दोन तऱ्हांनी पडतो आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत. हा भाग सावकाश वाचा.

पहिली तऱ्हा बार (काइट चालवायचा हातातला दांडा) जास्त जवळ ओढल्याने होते. ताकद कमी वाटली की हात आपोआप बार छातीकडे ओढतात. मागच्या दोऱ्या ताणल्या जातात, काइट हवेला आडवा होतो, क्षणभर थबकतो, कापडाची मागची कड थरथरते आणि तो मागे मागे सरकत खाली येतो. इथे आणखी ओढणं हेच चुकतं. बार हळूच पुढे सोडा. काइट पुन्हा पुढे उडू लागेल. वारंवार असं होत असेल तर डीपॉवरचा (काइटची ताकद कमी करणारा) पट्टा थोडा आत ओढून ठेवा, म्हणजे बार जवळ असतानाही काइट उडता राहतो.

दुसरी तऱ्हा डोक्यावर घडते. काइट १२ वर उभा आहे, वाऱ्याचा झोत ओसरतो, काइट पुढे निघून तुमच्या माथ्यावरून जातो आणि दोऱ्या ढिल्या पडतात. हातातला बार एकदम हलका होतो, हीच सूचना. अशा वेळी बार चटकन आत घ्या आणि दोन-चार पावलं वाऱ्यापासून दूर, काइटच्या उलट दिशेने टाका. पाण्यात असाल तर त्या दिशेने पोहा. दोऱ्या पुन्हा ताठ झाल्या की काइट परत तुमच्या ताब्यात येतो. आणि मुळात काइट १२ वर उभा करून ठेवू नका. ११ किंवा १ वर ठेवा, सतत थोडा हलवत.

काइटची ही हालचाल सायकलसारखी आहे: चालती असली तर तोल राहतो, थांबली की पाय टेकावा लागतो. २-३ चौरस मीटरचा सराव-काइट घेऊन वाळूवर तास-दोन तास आठाचे आकडे काढत राहा. नंतर बारकडे न बघता काढा.

पाण्यात, आधी बोर्डाशिवाय

बोर्ड किनाऱ्यावरच ठेवा आणि काइटने स्वतःला पाण्यातून ओढायला शिका. एक हात बारवर, दुसरा हात पाण्यात पुढे ताठ पसरलेला, अंग कुशीवर. तो हात आणि कूस पाणी कापतात आणि तुम्ही आडवे जात थोडे थोडे वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा येतो त्या बाजूला) सरकता. हे कंटाळवाणं वाटतं आणि बरेच जण उरकून टाकतात. उरकू नका. बोर्ड पायातून सुटला की तो वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतो आणि तुम्ही खाली वाहत जाता. परत मिळवायचा एकमेव मार्ग हाच. बोर्डाला दोरी बांधून घेण्याचा पर्याय सुचवणारे भेटतील, पण ताणलेली दोरी बोर्ड डोक्यावर आणून आदळते.

बोर्डावर उभं राहणं

पाण्यात बसा, काइट १२ च्या आसपास, बोर्ड समोर आडवा, पाय पट्ट्यांत. गुडघे छातीजवळ आणि टाचा नितंबांजवळ ओढून घ्या. उजवीकडे जायचं असेल तर काइट आधी ११ पर्यंत न्या, मग १२ ओलांडून उजवीकडे २ पर्यंत झपकन खाली सोडा. लांब झेप म्हणजे जास्त ओढ. जोराच्या वाऱ्यात एक झेप पुरते. इथे पुरत नाही. पहिल्या झेपेने तुम्ही अर्धे उठता, आणि काइट खाली थांबला तर परत बसता. म्हणून उठत असतानाच काइट वर १ पर्यंत घ्या आणि पुन्हा खाली सोडा. वर, खाली, वर, खाली, बोर्ड सरकू लागेपर्यंत.

याच वेळी बोर्डाचं नाक काइटकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळवा. बोर्ड आडवा ठेवून टाचांवर जोर दिला तर तुम्ही स्वतःचाच ब्रेक दाबता. आधी वेग, नंतर दिशा. कारण वेग आला की वारा वाढतो. १० नॉटच्या वाऱ्याला काटकोनात तुम्ही १२ नॉटने जात असाल तर काइटला जाणवणारा वारा साडेपंधरा नॉटच्या पुढे जातो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्याला जो वारा अपुरा वाटतो, त्यात चालत्या बोर्डावरचा माणूस मजेत जातो, ते यामुळे.

मग वाऱ्याच्या वर चढणं. वेग स्थिर झाल्यावर काइट ४५ अंशांच्या आसपास ठेवा, वजन मागच्या टाचेवर सरकवा, खांदे उघडा आणि जिथे जायचं आहे तिकडे बघा. नजर काइटवर खिळली की बोर्डही काइटकडेच जातो. मंद वाऱ्यात बोर्डाची कड पाण्यात फार रोवू नका. बोर्ड संथ होतोय असं पायांना जाणवलं की लगेच नाक थोडं खाली सोडा, वेग घ्या, पुन्हा कड लावा. सुरुवातीच्या दिवसांत तुम्ही निघालात त्या जागेच्या खालीच परत याल आणि बोर्ड काखेत धरून वाळूवरून चालत वर जाल. सगळेच जातात.

पाण्यात इतरही असतात. उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून जाणाऱ्याचा पहिला हक्क. ओलांडताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने काइट उंच न्यायचा, खालच्याने खाली. किनाऱ्यावरून पाण्यात शिरणाऱ्याला बाहेर येणाऱ्याने वाट द्यायची.

काइट पाण्यात पडला तर

तो पुढची नळी पाण्यावर टेकवून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडलेला असेल. बार पुढे सोडा. एका बाजूची मागची दोरी हाताने धरून हळूहळू आत घ्या आणि धरून ठेवा. काइटचं एक टोक उचललं जाईल आणि तो पाण्यावरून सरकत विंडोच्या कडेकडे जाऊ लागेल. आता थांबा. इथे घाई करणारे दोरी जोरात ओढतात आणि काइट परत पालथा पडतो. दोऱ्या ढिल्या वाटल्या तर काइटपासून दूर पोहत त्या ताठ ठेवा. कडेला पोचल्यावर टोक वाऱ्याने भरतं, पाणी निथळतं आणि काइट सावकाश वर निघतो. मगच दोरी सोडा.

वारा मावळताना

मंद वाऱ्यातला खरा धोका हा आहे की ओढ संपते आणि तुम्ही किनाऱ्यापासून लांब असता. त्यामुळे वारा उतरणीला लागायच्या आतच किनाऱ्याजवळ या. फेसाचे तुरे दिसेनासे झाले, काइट हलवायला जास्त झेपा लागू लागल्या, की ती शेवटची फेरी समजा. आणि एकूणच, जितकं पोहून परत येता येईल त्याहून लांब जाऊ नका.

तरी अडकलात तर क्रम असा. क्विक रिलीज उघडा. काइट एकाच दोरीवर लोंबकळून निकामी होईल. त्या दोरीने बारपर्यंत या. आधी फक्त तीच दोरी काही मीटर बारवर गुंडाळा, म्हणजे काइट पुन्हा ताकद धरणार नाही. मग सगळ्या दोऱ्या एकत्र गुंडाळत काइटकडे सरका. दोरी हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळू नका आणि सैल वेटोळी पायांत येऊ देऊ नका. शेवटी दोऱ्या उलगडू नयेत म्हणून त्यांना गाठ मारा. काइटपाशी पोचलात की पुढच्या नळीतली हवा सोडू नका, तीच तुमचा तराफा आहे. काइट उलटा करून त्याच्यावर आडवे व्हा आणि टोकं धरून कापडाचं शीड करा. समुद्रावरून येणारा उरलासुरला वारा तुम्हाला किनाऱ्याकडे आणतो. अजिबात वारा नसेल तर काइटवर पालथे होऊन हातांनी वल्हवत राहा, आणि जवळून जाणाऱ्याला हात डोक्यावर मोठे हलवून खूण करा. हा सगळा क्रम कंबरभर पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना, पहिल्याच आठवड्यात करून बघा.

पुढे हायड्रोफॉइल

बोर्डावर दोन्ही बाजूंना जाता येऊ लागलं आणि वाऱ्याच्या वर चढणं जमलं की मंद वाऱ्याचं आणखी एक दार उघडतं. हायड्रोफॉइल म्हणजे बोर्डाखाली खांब आणि त्याला पाण्यात चालणारे पंख. वेग आला की बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो आणि पाण्याचा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे ट्विनटिपला १३ चौरस मीटर लागतील तिथे ९-१० चा काइटही पुरतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काइट पहिल्यांदा आला तो फॉइल बोर्डांवरच. त्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. सुरुवात मात्र शर्यतीच्या फॉइलवर करू नका. ४५-६० सेंटिमीटरचा लहान खांब आणि मोठा, संथ पंख घ्या. पाणी छातीच्या वर असेल तिथेच उतरा, हेल्मेट घाला, आणि पडताना फॉइलपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला पडायचा सराव करा. पंखांच्या कडा धारदार असतात.